नशिबाचे नाणे

आमच्या घरी पितळेचे एक नाणे आहे. नाणे म्हणायचे ते आपले सवयीने. कोणत्याही सरकारने ते पाडलेले नाही आणि कोणत्याही दुकानात ते कधी चाललेले नाही. आकाराने जुन्या रुपयाएवढे. एका बाजूला फेरोचा मुखवटा, डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचे वस्त्र, कपाळावर फणा काढलेला नाग; दुसऱ्या बाजूला एक भुंगा. माझ्या आईचे मामा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर तिकडे गेले होते, त्यांनी ते कैरोच्या बाजारात घेतले. पलटणीचे केंद्रच बेळगावला. त्यामुळे आमच्या भागातल्या गावोगावी तिकडची वाळू तुडवून आलेला एखादा म्हातारा असायचा आणि त्याच्या ट्रंकेच्या तळाशी अशी एखादी वस्तूही असायची.

लहानपणी मी मामाआजोबांना विचारले होते, ‘आजोबा, हे नशिबाचं नाणं ना? म्हणूनच तुम्ही परत आलात?’ त्यांनी थोडा वेळ काही उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘दोघांनी घेतलं होतं रे. एकाच दुकानातून, एकाच वेळी. दुकानदारानं दोघांनाही तेच सांगितलं, हे जवळ असलं की गोळी लागत नाही. तो तिकडंच राहिला. त्याच्याही खिशात होतं की!’

एवढे बोलून त्यांनी नाणे पुसले आणि पुन्हा डबीत ठेवले. मग ते जपून का ठेवता, हे विचारायचे धाडस मला झाले नाही. पुढे ते आईकडे आले, आईकडून माझ्याकडे. त्या एका नाण्यापासून मला या विचित्र छंदाची गोडी लागली. लोक शिवराई जमवतात, आदिलशाहीची नाणी जमवतात, त्यांचा तो अभ्यास असतो. मी जमवली ती इजिप्तची चित्रे असलेली, कुठेच न चालणारी, गमतीखातर किंवा ‘शुभ’ म्हणून काढलेली टोकने. साठ-पासष्ट नग असतील. निम्म्याहून जास्त अमेरिकेतली, भाच्याने पाठवलेली. त्यांची बाजारात किंमत फारशी नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, याला पाकीटभर भंगार म्हणतात.’ असो.

या छंदातली पहिली गंमत अशी की, ज्या इजिप्तच्या नावाने ही नाणी निघाली, त्या इजिप्तला जवळजवळ अडीच हजार वर्षे नाणे माहीतच नव्हते. पिरॅमिड बांधले गेले ते नाण्यावाचून. फेरोंची थडगी कोरणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांना पगार मिळे तो धान्यात. किंमत मोजायची ती ‘देबेन’ या तांब्याच्या वजनात, पण तांबे प्रत्यक्ष हातात पडेलच असे नाही; बैलाची किंमत इतके देबेन ठरवायची आणि मग कापड, तेल, धान्य, भांडी देऊन ती भागवायची. इजिप्तच्या राजाने स्वतःच्या लिपीत पाडलेले सोन्याचे नाणे आपल्याला दिसते ते इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात, दुसऱ्या नेक्तानेबोच्या वेळचे. त्यावर एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला ‘उत्तम सोने’ या अर्थाची चित्राक्षरे. भाड्याच्या ग्रीक सैनिकांना पगार द्यायचा होता, म्हणून ते पाडले असे अभ्यासक मानतात. म्हणजे तिथेही नाणे आले ते शिपायाच्या खिशासाठीच.

नाणे नव्हते, पण भुंगा होता. शेणाचा गोळा मागच्या पायांनी लोटत नेणारा हा किडा आपल्याकडेही पावसाळ्यात माळावर दिसतो. आपण त्याला ओलांडून जातो. इजिप्तच्या माणसाने त्यात सूर्य लोटत नेणारा देव पाहिला. खेप्री त्याचे नाव, आणि त्या शब्दाच्या धातूचा अर्थ घडणे, अस्तित्वात येणे. दगडाचे, चिनी मातीसारख्या चकचकीत मातीचे असे लाखो भुंगे त्या लोकांनी केले. पोटाच्या सपाट बाजूवर नाव कोरून शिक्का म्हणून वापरले, दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. तिसऱ्या आमेनहोतेप राजाने तर मोठाले भुंगे करून त्यांच्या पोटावर चक्क बातम्या कोरल्या: राणी तियेशी झालेला विवाह, पहिल्या दहा वर्षांत मारलेले शंभरावर सिंह, राणीसाठी खोदवलेला तलाव. असे दोनशेहून अधिक भुंगे आज ठाऊक आहेत. सरकारने एखाद्या प्रसंगी खास नाणे काढावे तसाच हा प्रकार.

बाहेरच्यांना मात्र इजिप्त नाण्यावर आणायचे होते ते वेगळ्या कारणासाठी. ऑगस्टसने तो देश घेतल्यावर जी चांदीची नाणी पाडली, त्यांवर मगर आणि इजिप्त जिंकल्याची अक्षरे. देशाला जनावर करून टाकले की, जिंकणे सोपे वाटते. पुढे १८७८ साली लंडनच्या थेम्सकाठी इजिप्तचा जो दगडी स्तंभ उभारला, त्याच्या पायात इंग्रजांनी काही वस्तू पुरल्या. त्यांत हेअरपिना होत्या, सिगार होते, आगगाडीचे वेळापत्रक होते, त्या काळच्या सुंदर इंग्रज स्त्रियांची छायाचित्रे होती, इंग्लंडच्या नाण्यांचा संच होता, आणि एक रुपया होता. तो आपला रुपया! एका परक्या देशाच्या दगडाखाली तो कशासाठी घातला असेल, हे सांगायला नको.

परक्याच्या चित्रात आपले पाहण्याचा गुण मात्र सगळ्यांचाच. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेचेच पाहा. तिचे मूळ व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यात आहे. त्यावर तिथला राज्यप्रमुख एका ख्रिस्ती संतापुढे गुडघे टेकून आहे. इकडे ती नाणी इतकी आली की सोनारांनी त्यांच्या नकला केल्या, आणि नकला करता करता त्या दोन आकृत्या आपल्या देवांच्या होत गेल्या. आमच्या आजीच्या गळ्यातली पुतळी ‘रामसीतेची’ होती. तिला कोणी व्हेनिस सांगितले असते तर तिने त्याला हसून पाणी दिले असते. माझ्याकडे १९२०-३० च्या सुमाराची अमेरिकेतली एक शुभटोकन आहे. त्यावर घोड्याची नाल, चार पानांचे क्लोव्हर आणि शेजारी स्वस्तिक! प्रथम हाती आले तेव्हा मी दचकलो होतो. त्या काळी तिकडे स्वस्तिक हे साधे भाग्यचिन्ह होते. १९३३ नंतर जर्मनीत जे घडले, त्याने ते तिथल्या लोकांच्या नजरेतून कायमचे उतरले. चिन्ह तेच राहिले, माणसे त्याच्याखाली काय करतात त्यावर त्याचे शुभाशुभ ठरले.

इजिप्तची टोकने अशी पावसासारखी पडू लागली ती १९२२ नंतर. ४ नोव्हेंबर १९२२ रोजी हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना तुतानखामेनच्या थडग्याची पायरी लागली आणि जगाला वेडच लागले. दागिने, कापड, नाटकगृहे, सिगारेटच्या डब्या, जिथे तिथे फेरो. आणि लगेच पाच महिन्यांनी, ५ एप्रिल १९२३ रोजी, या खोदकामाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन कैरोत वारले. डास चावला, दाढी करताना ती जागा कापली, जखम चिघळली. वर्तमानपत्रांनी शाप उठवला. म्हणजे एकच राजा, त्याचा चेहरा खिशात असला की शुभ आणि त्याचे थडगे उघडले की अशुभ! या शापाचा हिशेबही एका डॉक्टरांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला आहे. त्या वेळी इजिप्तमध्ये असलेल्या ४४ पाश्चात्त्यांपैकी २५ जण थडग्याच्या किंवा ममीच्या सान्निध्यात आले होते. ते सरासरी सत्तरीपर्यंत जगले, आणि बाकीच्यांच्या मानाने त्यांचे आयुष्य शापाने तुटले असे म्हणण्याजोगा फरक सापडला नाही. खुद्द कार्टर १९३९ पर्यंत होते. शाप खोटा ठरवणे असे सोपे आहे. पण हाच हिशेब शुभाला लावा म्हटले की माणसे गप्प होतात. मामाआजोबांनी तो दोनच माणसांचा नमुना घेऊन लावला होता.

खऱ्या प्राचीन वस्तूंच्या वाटेला मी कधी गेलो नाही. १९८३ च्या कायद्याने इजिप्तने त्यांचा व्यापारच बंद केला, आणि ते योग्यच झाले. नकलांचा धंदा मात्र जुना. अमेलिया एडवर्ड्स या बाईंनी १८७७ साली छापलेल्या आपल्या नाईलच्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की, लक्सॉरचे कारागीर नवे भुंगे करून टर्की पक्ष्यांना गिळायला लावत आणि त्यांच्या पोटातून बाहेर पडले की ते चांगले जुनाट दिसत. ही हकीकत मी किती जणांना हसत हसत सांगितली असेल! आमच्या भागात ‘तांदूळ ओढणारे नाणे’ शोधत हिंडणारे दलाल येतात. तेही एकदा माझी पेटी पाहून गेले. ‘मास्तर, यातलं एखादं तांदूळ ओढतं काय वो?’ मी त्यांना चहा पाजून वाटेला लावले. मनात अभिमान असा होता, की माझ्या पेटीत एकही खोटी वस्तू नाही, कारण आपण जुने आहोत असा दावा त्यातली एकही करत नाही.

हा अभिमान २०१२ साली गेला.

त्या वर्षी आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाला डेंग्यू झाला. आठवी-नववीतला मुलगा. रक्तातल्या पेशी रोज उतरत होत्या. वहिनींचे माहेर धारवाडकडचे, घरात कानडी आणि मराठी दोन्ही चाले, आणि त्या आठवड्यात दोन्ही भाषांतले देव त्यांनी पाण्यात ठेवले होते. एके रात्री साडेदहाला दार वाजले. कपडे न्यायला त्या घरी आल्या होत्या, पुन्हा इस्पितळात जायच्या होत्या. म्हणाल्या, ‘मास्तर, तुमच्याकडं ते नशिबाचं नाणं आहे म्हणे, राजाचं. दोन दिवस द्याल काय? त्याच्या उशाशी ठेवते.’

मामाआजोबांचे नाणे द्यायला हात धजेना. पेटीतले पहिले हाती लागले ते काढून दिले. अमेरिकेत लास व्हेगसला पिरॅमिडच्या आकाराचे काळ्या काचेचे लक्सॉर नावाचे जुगारघर १९९३ साली उघडले. तिथल्या यंत्रात टाकायचे एक डॉलरचे ते टोकन. आता तिथेही यंत्रांना नाणी लागत नाहीत, कागदाच्या चिठ्ठीवर काम भागते. वहिनींनी ते पदरात घेतले, दिव्याखाली धरले आणि विचारले, ‘तिकडचंच ना? थडग्यातल्या राजाचं?’

मी म्हणालो, ‘हो, तिकडचंच.’

नंतर किती वेळा मी हे दोन शब्द तपासले आहेत! ‘तिकडचंच’ यात तसे खोटे काही नव्हते. कुठले तिकडचे, एवढेच मी सांगितले नव्हते. युधिष्ठिराने अश्वत्थामा मेला हे मोठ्याने सांगितले आणि हत्ती हा शब्द तोंडातल्या तोंडात ठेवला, तेव्हा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली आला. माझा रथ आधीपासूनच जमिनीवर होता, म्हणून मला काही जाणवले नाही. उलट बरे वाटले. मुलगा दहाबारा दिवसांत घरी आला. वहिनींनी पेढे आणले, त्यातला पहिला त्या टोकनापुढे ठेवलेला होता.

त्या वेळी कोणी मला धरले असते, तर माझे समर्थन तयार होते. महाभारतातच तो कौशिक आहे: वाटमाऱ्यांनी विचारले, माणसे कुठे लपली आहेत, आणि याने सत्यव्रत म्हणून खरे सांगून टाकले, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो ती उगाच नाही. रात्री साडेदहा वाजता, डोळे सुजलेल्या आईला, लास व्हेगसच्या जुगारघराची माहिती देणारा मास्तर कौशिकाचाच भाऊ ठरला असता. मुलावर उपचार चालूच होते, सलाईन चालूच होते. नाण्याने कुणाचे काय बिघडणार होते? उलट त्या बाईला रात्री दोन तास झोप लागली असेल, तर तेवढी माझ्या खोट्याची कमाई.

हे समर्थन मला आजही पूर्णपणे चुकीचे वाटत नाही. अडचण अशी, की त्यात मी एक गोष्ट धरलेली नव्हती. टोकन असो की शब्द, एकदा हातातून गेला की तो आपल्या हातचा राहत नाही. खोट्याचा हिशेब आपण एका रात्रीपुरता करतो आणि ते मात्र पुढे चालत राहते.

दोन दिवसांसाठी दिलेले टोकन वहिनींकडेच राहिले. मीही मागितले नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीच्या यजमानांना कावीळ झाली, तेव्हा ते तिकडे गेले. त्यांनी झाडपाला केला, पथ्य केले, उशाशी टोकन ठेवले आणि आठ दिवस घरीच काढले. नवव्या दिवशी मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा उशीर झाला होता. हे सगळे टोकनाने झाले असे मी म्हणणार नाही. झाडपाल्यावर त्या घराचा पिढीजात विश्वास होता, आणि खिशात पैसे नव्हते हे तर सगळ्यांत मोठे कारण. पण त्या आठ दिवसांत ‘तिकडं पोराला गुण आला’ हे वाक्य त्या घरात किती वेळा बोलले गेले असेल, याचा हिशेब मला कोण देणार?

महिन्याभराने वहिनी टोकन परत द्यायला आल्या. रुमालात बांधून आणले होते. त्या मला दोष द्यायला आल्या असत्या तर बरे झाले असते. त्या आल्या होत्या माझी माफी मागायला. ‘तुमची वस्तू तुम्हाला न विचारता दिली मास्तर. तुम्ही आम्हाला दिली होती, त्यांना नव्हे. म्हणून तिथं ती चालली नाही. माझं चुकलं.’

बोलणे एवढेच झाले, पण त्या गेल्यावर मी पेटी उघडून बराच वेळ बसून राहिलो. त्या बाईने माझ्या दोन शब्दांवर एक अख्खा न्याय उभारला होता आणि त्या न्यायात स्वतःला दोषी ठरवले होते.

बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांनी आणवलेली ममी आहे. हैदराबादेतही एक आहे. बडोद्याची मी पाहिली आहे. त्या काचेपुढे उभे असताना मनात येत होते ते त्या लोकांच्या एका समजुतीविषयी. मृताचे फुप्फुस, यकृत, जठर, आतडी ते काढून वेगळी ठेवत, मेंदू तर फेकूनच देत. हृदय मात्र जागच्या जागी राहू देत. कारण ओसायरिसच्या दरबारात तेच तराजूत घालायचे असे. दुसऱ्या पारड्यात मात देवतेचे, म्हणजे सत्याचे, पीस. थोथ लिहून घेणार. हृदय जड निघाले तर शेजारी मगरीच्या तोंडाचे, सिंहाच्या धडाचे आणि पाणघोड्याच्या मागच्या अंगाचे जनावर ते खायला बसलेले. माणूस बेचाळीस देवांपुढे बेचाळीस पापांचा इन्कार करी: मी चोरी केली नाही, मी खोटे बोललो नाही. आणि याच प्रसंगासाठी तो मघाचा भुंगा पुन्हा येतो. हिरव्या कठीण दगडाचा मोठा भुंगा मृताच्या छातीवर ठेवत, आणि त्याच्या पोटावर मंत्र कोरलेला असे. तो मंत्र हृदयालाच उद्देशून आहे. त्याचा आशय असा, की हे माझ्या हृदया, न्यायाच्या वेळी तू माझ्याविरुद्ध साक्षीला उभे राहू नकोस.

तुतानखामेनचे सोने पाहून जग दिपले, मला मात्र त्या सगळ्या संस्कृतीत याहून खरे काही वाटत नाही. सगळे देव फसतील, पण आत जो बसला आहे तो सगळे पाहत होता, आणि तोंड बंद ठेवायला सांगावे लागते ते त्यालाच, हे त्यांनी ओळखले होते. ओळखून त्यावर ताईत काढला, ही त्यांची लबाडी म्हणा की दुबळेपणा. तो विकतही मिळे. मृतांचे ग्रंथ तर नावाची जागा कोरी सोडून आधीच लिहून ठेवलेले असत, गिऱ्हाईक आले की नाव भरायचे. पण मला विचाराल तर मी हसणार नाही. ‘तिकडचंच’ हा माझाही दगडी भुंगाच होता. शब्द खरा ठेवायचा आणि आतल्या साक्षीदाराला सांगायचे, तू गप्प बस.

महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला, कर्नाटकाचा २०१७ चा कायदा २०२० पासून लागू झाला. दोन्ही कायद्यांचा मी पुरस्कर्ता आहे, सभेत बोललोही आहे. त्यांत बुवा सापडतात, बाबा सापडतात. दारात उभ्या राहिलेल्या बाईला ‘हो’ म्हणणारा निवृत्त मास्तर कुठल्या कलमात बसतो?

वहिनींना मी खरे सांगितले. लगेच नाही, चार महिन्यांनी. सांगण्यात त्यांच्या मनावरचे ओझे उतरावे हा हेतू होता, आणि माझे उतरावे हाही होता; त्यांतला कोणता मोठा होता हे मला वेगळे काढता येत नाही. टोकन पुढे ठेवले आणि म्हणालो, ‘वहिनी, हे इजिप्तचं नाही. अमेरिकेतल्या जुगाराच्या यंत्रातलं आहे. यात तेव्हाही काही नव्हतं, नंतरही नव्हतं. तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं.’

त्या टोकनाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मग त्या रात्री मी कुणापुढं हात जोडत होते, मास्तर?’

मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांचे नाव घ्यावे असे क्षणभर वाटले, पण त्यांनी ते विचारले नव्हते. त्या उठून गेल्या. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचे ताट आले नाही. त्यापुढच्या दिवाळीला आले, मुलाच्या हाती. तो आता पुण्यात नोकरीला आहे. त्याला यातले किती ठाऊक आहे, मी विचारलेले नाही.

पेटीतल्या प्रत्येक नगाखाली मी एक कार्ड ठेवतो: काय, कुठले, केव्हाचे, कोणी दिले. मामाआजोबांच्या नाण्याच्या कार्डावर आता मी त्या दुसऱ्या शिपायाचाही उल्लेख केला आहे. नाव ठाऊक नाही, म्हणून ‘त्यांचा सोबती’ एवढेच. लास व्हेगसच्या टोकनाचे जुने कार्ड फाडून नवे लिहायला घेतले. जुगाराच्या यंत्रातले टोकन, एक डॉलर, १९९३ नंतरचे, इथपर्यंत लिहून झाले आहे. खाली तीन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.